जांभळं पाणी

बादलीत चिमूटभर परमँगनेट टाकलं
की पाणी आधी धूर धरल्यासारखं होतं, मग जांभळं.
माझी नखं सात वर्षांपासून तपकिरी आहेत.
बाजारातला मासेवाला सुटे पैसे माझ्या हातात देत नाही,
फळीवर ठेवतो.

एरोंदीनाला आणलं ते केळीच्या पानांत गुंडाळून.
चादर नको, नवरा म्हणाला, चादर कातडं घेऊनच निघते.
नदीपासून इथवर, सोयाबीनच्या ट्रकमधून, एकोणीस तास.
पानं वाटेत दोनदा बदलली,
कुणाच्या तरी परसातली, न विचारता तोडून.
आठवा महिना होता.
पोट तेवढं पानांबाहेर.

रानटी आग म्हणतात इथे. फोगू सेल्वाजें.
उन्हात गेलं की भडकते,
सावलीत आलं की हुडहुडी भरते.
जळणाऱ्या माणसाला थंडी वाजते
हे पहिला महिनाभर मला खोटंच वाटायचं.

डॉक्टर जुवेनाल भिंतीवरच खडूनं काढून दाखवतात,
फळा अजून मंजूर व्हायचाय.
या विटा. हा मधला चुना.
नदीकाठची बारीक माशी चावते,
(माशीच असावी, म्हणतात, पैज नाही लावणार)
तिची थुंकी आत शिरते.
रक्त पहारेकरी नेमतं, त्यांना चेहरा दाखवतं: हा चोर.
ते पाठ करून घेतात,
नाक एवढं, कपाळ एवढं.
आणि आपल्या चुन्याचं नाक
नेमकं तसंच.

कुंपणानं शेत खाल्लं म्हणावं
तर कुंपणाला भूक कुठे होती?
फितूर नव्हते ते, आळशी तर नाहीच.
दिलेलं काम चोख करत होते
रात्रीसुद्धा,
ती झोपल्यावरसुद्धा.

हात लावायचा नाही, नुसती धार सोडायची.
मी तिच्या पाठीवर धार सोडते.
"हे माझंच रक्त ना, दोना झुल्मीरा?"
हो, मी म्हणते.
"मग कुणी सांगत कसं नाही त्याला, की ही मी आहे?"
बादली संपते. दुसरी भरायला जाते मी,
आणि नळापाशी
लागतो त्याहून जास्त वेळ उभी राहते.

गावी सासूनं तिचा झोपाळा जाळला,
कपडे, लाकडी चमचा, लग्नाचा फोटो.
हा रोग लागत नाही, अशी चिठ्ठी दवाखान्यानं पाठवली होती.
तीही जाळली.

नाळेतून सगळंच जातं.
भात, साखर, आईनं घेतलेल्या गोळ्या,
पहारेकरी.
हे तिला कुणी सांगितलं नव्हतं,
पण ती पोटाला एकच विचारायची, हलक्या आवाजात,
"भाजतंय का रे?"

मंगळवारी पहाटे, वीज गेलेली असताना तो आला.
मी टॉर्च धरला. आधी तळव्यांवर, मग पाठीवर,
मग बोटांच्या बेचक्यांत, एकेका.
पुन्हा पाठीवर.
कुठे फोड नाही.

नाळेतलं रक्त बसनं शहरात गेलं,
कागद आला तीन आठवड्यांनी.
होते. पुष्कळ होते,
आईचेच, तोच चेहरा घोकलेले,
त्याच्या अंगभर हिंडत, शोधत.
पण कोवळ्या भिंतीत म्हणे आणखी एक चुना असतो,
वेगळ्या नाकाचा, तो सगळं धरून ठेवतो.
डॉक्टरांनी जुन्याच चित्रात
निळ्या खडूनं तो भरला.
काही महिन्यांत विरून जातील हे, म्हणाले.
आईचे?
खडू पुसत ते म्हणाले, गोळ्या चालू ठेवू.

पण हे सगळं नंतरचं.
त्या पहाटे ती म्हणाली, दे.
कुठे देऊ? छाती नाही, दंड नाही, मांडी नाही.
तोंडाच्या आत ही आग जात नाही,
एवढं एक मला ठाऊक होतं.
मी त्याला पानावर घेतलं, तिच्या चेहऱ्यावर खाली आणलं,
माझी तपकिरी नखं त्याच्या टाचेखाली.
तिनं तोंड उघडलं
आणि त्याची करंगळी
आत घेतली.